वेळीच बोलायच्या गोष्टी

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतातले सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते. आज ते 70 च्या घरात आहे. देवीचे उच्चाटन, लसी, प्रतिजैविके, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण आणि दोन वेळचे अन्न, एवढी मोठी कमाई या दोन आकड्यांच्या मधल्या काळात झाली. पूर्वी म्हातारी माणसे नव्हतीच असे नाही. लहानपणीच दगावणाऱ्या मुलांमुळे सरासरी खाली येई; त्या वयातून पार पडलेली माणसे साठी-सत्तरी गाठतही. पण तेव्हा म्हातारपण थोड्यांच्या वाट्याला येत होते, आता ते बहुतेकांना भेटणार आहे. 2011 च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांची संख्या 10 कोटींवर होती, आणि महाराष्ट्रात दर दहा माणसांत जवळपास एक जण साठीपुढचा होता. हे प्रमाण तेव्हापासून वाढतेच आहे.

आयुष्य लांबले तशी मरणाची रीतही बदलली. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला, 1918 मध्ये इन्फ्लुएन्झा आला, पटकीच्या साथी तर येतच असत. माणूस आजारी पडे आणि चार-आठ दिवसांत काय ते होऊन जाई. आजची मरणे बहुतांशी सावकाश येतात. मधुमेह, रक्तदाब, अशक्त झालेले हृदय, निकामी होत चाललेली मूत्रपिंडे, कर्करोग, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांच्यासोबत माणूस वर्षानुवर्षे जगतो. मध्येच तब्येत ढासळते, रुग्णालयात जावे लागते, बरे वाटते, माणूस घरी येतो. पण प्रत्येक वेळी थोडी ताकद मागे राहते. अशा प्रत्येक वळणावर काहीतरी ठरवावे लागते. शस्त्रक्रिया करायची का? डायलिसिस सुरू करायचे का? नळीने अन्न द्यायचे का? व्हेंटिलेटर लावायचा का?

आजोबा-पणजोबांच्या पिढीपुढे हे प्रश्न नव्हते, कारण उपायच हाताशी नव्हते. आपल्याकडे उपाय आले, त्यांच्याबरोबर निर्णय आले. पण तो निर्णय घ्यायला लागणारी समज मात्र दवाखान्याच्या भिंतींआड राहिली. म्हातारे शरीर कसे चालते, मरण जवळ येते तेव्हा शरीरात काय घडते, उपचार कुठवर साथ देतात आणि कुठून पुढे नुसता त्रास देतात, हे डॉक्टरांना ठाऊक असते. घरच्यांना ते पहिल्यांदा कळते ते अतिदक्षता विभागाच्या दाराशी, संमतिपत्रावर सही करताना. जे दहा वर्षांत हळूहळू उमजायला हवे, ते दहा मिनिटांत ऐकवले जाते. हे पुस्तक त्यासाठी लिहिले आहे. ही समज मुळात सर्वसामान्य माणसाच्या मालकीची आहे आणि ती त्याच्या हाती वेळेवर पडली पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.

ती आजवर का पडली नाही? आपल्या घरांत या विषयाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, हे त्याचे एक कारण. ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून आपण बोलणाऱ्याला गप्प करतो. वास्तू तथास्तु म्हणते, तेव्हा घरात वाईट शब्द काढू नये, असे लहानपणापासून ऐकतो. वडील सांगू पाहतात, ‘माझं काही बरंवाईट झालं तर...’ आणि मुलगी त्यांना मध्येच तोडते, ‘बाबा, असलं बोलू नका, तुम्ही शंभरी गाठणार.’ या बोलण्यात माया असते, यात शंका नाही. पण त्या मायेपायी वडिलांचे मनोगत मनातच राहते, आणि पुढे ते बोलू शकत नाहीत तेव्हा त्यांच्या वतीने बोलायची वेळ त्याच मुलीवर येते. त्या वेळी तिच्याजवळ धरून चालायला काहीही नसते.

दुसरे कारण आम्ही डॉक्टर. आमचे शिक्षण रोग ओळखण्याचे आणि बरा करण्याचे. बरा न होणाऱ्या माणसाशी काय बोलावे, हे वैद्यकीय महाविद्यालयांत फार काळ शिकवलेच गेले नाही. त्यामुळे ‘आता काय?’ या प्रश्नावर डॉक्टर आणखी एका तपासणीचे किंवा औषधाचे नाव सांगतो. नातेवाइकांना वाटते, डॉक्टर सुचवत आहेत म्हणजे आशा असणार. डॉक्टरांना वाटते, नातेवाइकांना सगळे करायचे आहे. दोघे एकमेकांकडे पाहून पुढे जात राहतात. ज्याच्यासाठी हे चालले आहे त्याला मात्र कोणी विचारत नाही.

ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न जगात काही डॉक्टरांनी केला आहे. सिसिली साँडर्स या परिचारिका होत्या, समाजसेविका होत्या, मग डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे केले. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना शरीरापुरती नसते, त्यात मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदनाही मिसळलेली असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवले. 1969 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचे मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक आले. 1994 मध्ये अमेरिकेतले शल्यविशारद शेर्विन न्यूलंड यांनी ‘हाउ वी डाय’ लिहून हृदयविकार, कर्करोग, अल्झायमर यांत माणूस नेमका कसा मरतो, हे न लपवता सांगितले.

2014 मध्ये आलेल्या अतुल गवांदे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’चे मूळ थेट विदर्भात पोहोचते. बोस्टनमध्ये शल्यचिकित्सक असलेल्या गवांदे यांचे वडील उमरखेड परिसरातल्या उटी गावचे. आजोबा सीताराम गवांदे शेतकरी होते. शंभरी ओलांडल्यावरही त्यांचा घरात मान होता, शेतावर लक्ष होते, कुटुंबाच्या कारभारात शब्द होता. अमेरिकेत अशा वयाच्या माणसाला संस्थेत ठेवले असते, असे नातू लिहितो. त्याच पुस्तकात त्यांच्या डॉक्टर वडिलांच्या मज्जारज्जूतल्या गाठीची हकिकत आहे. वडील-मुलगा दोघेही शल्यचिकित्सक असूनही, काय हवे आणि काय नको हे एकमेकांना विचारणे त्यांना किती अवघड गेले, ते तिथे वाचायला मिळते.

उटीच्या आजोबांची गोष्ट वाचून आपल्याकडे लगेच एकत्र कुटुंबाची आठवण निघते. तिच्याबद्दल मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. त्या कुटुंबात म्हाताऱ्या माणसाची ऊठबस होत होती, कारण कोणीतरी ती करत होते. ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा सून, लेक किंवा बायको. तिला त्याचा मोबदला नव्हता, सुटी नव्हती, आणि ‘तुला हे जमेल का?’ असे कोणी विचारलेले नव्हते. आज ती नोकरी करते, मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतात, आणि गावातल्या घरात दोघेच राहतात. जुनी व्यवस्था हाक मारून परत येणार नाही, आणि यायची असेल तर ती एकट्या बाईच्या खांद्यावर येऊ नये. म्हणून या पुस्तकात रुग्णाइतकीच जागा शुश्रूषा करणाऱ्या माणसाला दिली आहे: तिची झोप, तिची पाठदुखी, तिला आठवड्यातून काही तास मोकळे मिळणे, कामात पुरुषांचा वाटा. हा वैद्यकीय विषय आहे. काळजी घेणारी कोलमडली की रुग्णही कोलमडतो, हे कोणताही अनुभवी डॉक्टर सांगेल.

मराठी साहित्याने म्हातारपणातल्या मानहानीकडे पाठ फिरवलेली नाही. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ 1970 मध्ये रंगभूमीवर आले, आणि मुलांच्या घरात परके झालेले आप्पा बेलवलकर घरोघरी माहीत झाले. कीर्तन-प्रवचनांतून देहाच्या नश्वरतेविषयी आपण शतकानुशतके ऐकत आलो आहोत. पण देह नश्वर आहे हे ठाऊक असणे वेगळे, आणि आईचा खुबा मोडल्यावर काय करायचे हे ठाऊक असणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानासाठी मराठीत सोप्या आणि भरवशाच्या लेखनाची गरज आहे.

पुस्तकाचा पहिला भाग म्हाताऱ्या शरीराविषयी आहे. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने 1825 मध्येच दाखवले होते, की प्रौढ वयानंतर मृत्यूची शक्यता वयाबरोबर ठरावीक पटीत वाढत जाते. आजच्या आकडेवारीनुसार ती साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. 1961 मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी प्रयोगशाळेत पाहिले, की माणसाच्या सामान्य पेशी पन्नासेक वेळा विभागल्या की थांबतात. वार्धक्य हा कोणा एका अवयवाचा रोग नाही. सगळ्या अवयवांची राखीव ताकद हळूहळू कमी होत जाते. कणगीत दोन वर्षांचे धान्य असले तर एखादा दुष्काळ निभतो. कणगी तळाला गेली असेल तर चार दिवसांची अडचणही उपासमार घडवते. तरुण माणूस न्यूमोनियातून उठून कामाला लागतो. ऐंशीच्या माणसाचे त्याच न्यूमोनियाने चालणे कायमचे बंद पडू शकते.

हे समजले की लक्ष कुठे द्यायचे तेही समजते. ऐंशीपर्यंत पोहोचताना स्नायूंचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक झिजलेला असतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने खुर्चीतून हात न टेकता उठता येणे हे अनेक रक्ततपासण्यांपेक्षा मोलाचे. पडणे हा वार्धक्यातला मोठा शत्रू आहे. खुब्याचे हाड मोडले की अंथरूण, अंथरुणातून छातीचा संसर्ग, पायात रक्ताची गुठळी, पाठीला जखमा, अशी साखळी सुरू होते. ती तोडण्याचे उपाय स्वस्त आहेत: न्हाणीघरात धरायला दांडा, कोरडी फरशी, रात्री पेटता दिवा, मागे पट्टा असलेली चप्पल, मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया, कापलेली नखे, आणि तळपायांवरून महिन्यातून एकदा तरी फिरवलेली कोणाची तरी नजर.

दुखणे सांगण्याची म्हाताऱ्या शरीराची तऱ्हाही निराळी असते. छातीत न दुखता हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. फक्त दम लागतो किंवा घाम सुटून गळल्यासारखे होते. अंगात संसर्ग असूनही ताप येत नाही. आजी कालपर्यंत ठीक होती आणि आज अचानक भलतेच बोलू लागली, माणसे ओळखेना, तर ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, रक्तातले सोडियम कमी होणे, तुंबलेले पोट किंवा नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, यांतले काहीही त्यामागे असू शकते, आणि त्यातले बरेच काही दुरुस्त होते. गोळ्यांबद्दल एक स्वतंत्र प्रकरण आहे. चार तज्ज्ञांनी चार चिठ्ठ्यांवर लिहिलेली औषधे एकाच पोटात जातात. वर्षातून निदान दोनदा ती सगळी एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ओतावीत आणि विचारावे, ‘यातली कोणती बंद करता येतील?’

दुसरा भाग मरणाविषयी आहे. तो लिहिताना मी शब्द मऊ केले आहेत, माहिती नाही. शेवटच्या आठवड्यांत माणूस खाणे कमी करतो, मग जवळजवळ सोडतो. घरच्यांना वाटते, खात नाही म्हणून खंगतो आहे. आणि घास भरवण्याची धडपड सुरू होते. बहुतेक वेळा कार्यकारण उलटे असते: शरीर आवरते घेत असते, म्हणून भूक जाते. त्या अवस्थेत बळेच दिलेले अन्न श्वासनलिकेत जाऊन त्रास वाढवते. ओठ ओले ठेवणे, तोंड स्वच्छ करणे, मागितले तर चमचाभर आवडीचे देणे, ही त्या वेळची खरी सेवा. त्याला कोणी ‘उपाशी ठेवलं’ म्हणू नये, आणि घरच्यांनीही स्वतःला तसा दोष लावून घेऊ नये. पुढे झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वासात मोठे खंड पडू लागतात, घशात घरघर होते. ती घरघर ऐकणाऱ्याला असह्य वाटते. पण त्या वेळी रुग्ण बहुधा शुद्धीत नसतो, आणि कुशीवर वळवले की आवाज अनेकदा कमी होतो. हे आधी ठाऊक असलेले घर घाबरून मध्यरात्री रुग्णवाहिका बोलावत नाही. ते जवळ बसू शकते.

वेदना सहन करण्याची मात्र काहीही गरज नाही. अफूची कायदेशीर शेती आपल्या देशात होते, तिच्यापासूनच मॉर्फिन मिळते, आणि तरीही कर्करोगाचे असंख्य रुग्ण त्याशिवाय तळमळत गेले. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जाचामुळे रुग्णालये हे औषध ठेवायलाच धजत नसत. 2014 च्या दुरुस्तीने ही वाट बरीच मोकळी केली. योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन वेदनाग्रस्त रुग्णाला व्यसनी करत नाही आणि त्याचे मरण ओढूनही आणत नाही. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले, आणि पुढे त्याची शाखा गोव्यातही निघाली. पुण्यात वारज्याचे सिप्लाचे केंद्र 1997 पासून कर्करुग्णांसाठी हे काम करत आहे. केरळमध्ये 1993 साली कालिकतला सुरू झालेल्या कामातून गावोगावच्या स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. तिच्याकडून महाराष्ट्राने पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणजेच परिहार सेवा, आणि ती घेणे म्हणजे हात टेकणे, असा समज पक्का बसला आहे. 2010 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या 151 रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच ही सेवा दिली गेली. त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, नैराश्य कमी राहिले, शेवटच्या दिवसांतले जहाल उपचार त्यांनी कमी घेतले. आणि तरीही ते इतरांपेक्षा सरासरी अडीच महिन्यांहून अधिक जगले. या एका अभ्यासावरून सगळ्या आजारांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. पण आराम आणि आयुष्य यांतले एकच निवडावे लागते, ही भीती सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

तिसरा भाग निर्णयांचा आणि कायद्याचा आहे. या कायद्याची वाट परळच्या केईएम रुग्णालयातून जाते. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 मध्ये पाशवी हल्ला झाला. 2015 मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत चार दशकांहून अधिक काळ त्या अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्याविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निकाल दिला. मागणी फेटाळली गेली, पण विशिष्ट परिस्थितीत जीवरक्षक उपचार थांबवता येतील, हे तत्त्व मान्य झाले. 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. त्याची रीत फार किचकट होती. जानेवारी 2023 मध्ये ती सुधारली गेली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर आता हे पत्र करता येते. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे पत्र नोंदवून लोकांपुढे उदाहरण ठेवले.

इथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. इंजेक्शन देऊन जीव घेणे भारतात गुन्हा आहे, आणि हे पुस्तक त्याची बाजू मांडत नाही. बरे होण्याची आशा संपलेली असताना मरणक्रिया लांबवणारे उपचार न घेणे, आणि त्याच वेळी वेदनाशमन व शुश्रूषा पूर्णपणे चालू ठेवणे, एवढाच इथला विषय आहे. एखाद्याला शेवटपर्यंत सगळे उपचार हवे असतील, तर तीही इच्छा तितकीच आदराची आहे. कोणी काय निवडावे हे मी सांगणार नाही. निवड त्या माणसाची असावी, एवढाच माझा आग्रह आहे.

पुस्तक सलग वाचलेच पाहिजे असे नाही. ज्यांच्या घरी आत्ता कोणी अत्यवस्थ आहे त्यांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात करावी. ज्यांचे आईवडील सत्तरीत आणि धडधाकट आहेत त्यांनी पहिला भाग आधी वाचावा. पन्नाशीतल्या वाचकांनी तिसरा भाग स्वतःसाठी वाचावा, कारण अपघात आणि पक्षाघात वय विचारून येत नाहीत. यातली कोणतीही माहिती तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. त्यांना काय विचारायचे, ते मात्र तुम्हाला यातून ठाऊक होईल.

वाचून झाल्यावर एक काम करा. घरातल्या मोठ्यांजवळ बसा, आणि सवड काढून चार प्रश्न विचारा. तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय समजले आहे? पुढच्या काळाची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? काय करता आले तर जगणे जगण्यासारखे वाटेल, आणि कशासाठी कितीही त्रास सोसायला तयार आहात? तुम्हाला बोलता आले नाही, तर तुमच्या वतीने कोणी बोलावे? पहिल्या दिवशी उत्तरे मिळतीलच असे नाही. आई विषय बदलेल, बाबा वर्तमानपत्र उघडतील. पुन्हा विचारा. मिळालेली उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवा, भावंडांना वाचून दाखवा, आणि मग तेच चार प्रश्न स्वतःलाही विचारून तुमची उत्तरे मुलांना सांगा. हे बोलणे घरात, सगळे शुद्धीत असताना, आजच झाले पाहिजे. रुग्णालयात त्यासाठी वेळ मिळत नाही.